काउंटरमागचा केमिस्ट

आपल्याकडे केमिस्ट म्हटलं की मेडिकलवालाच आठवतो. आमचं स्वतःचं मेडिकल आहे, डी.फार्म झाल्यापासून मी बाबांबरोबर तिथेच बसते, म्हणून असेल कदाचित पण कार्ल विल्हेम शीले हा माणूस मला फार जवळचा वाटतो. आम्हाला तो एका ओळीत शिकवला होता, ऑक्सिजनचा शोध शीले आणि इंग्लंडचा प्रीस्टली यांनी लावला, संपलं.

तर हा शीले १७४२ मध्ये श्ट्रालझुंडला जन्मला, ते आता जर्मनीत आहे पण तेव्हा स्वीडनकडे होतं. चौदाव्या वर्षी गॉथेनबर्गला औषधाच्या दुकानात शिकाऊ म्हणून लागला आणि मग आयुष्यभर औषधाच्या दुकानातच राहिला, माल्मो, स्टॉकहोम, उप्साला आणि शेवटी कोपिंग नावाचं छोटं गाव. कॉलेजचं तोंडही पाहिलं नाही. दिवसा गिऱ्हाईकांची औषधं कुटायची, घोटायची आणि वेळ मिळेल तसे प्रयोग. १७७५ मध्ये स्वीडनच्या विज्ञान अकादमीने त्याला सभासद करून घेतलं तेव्हासुद्धा तो दुसऱ्याच्या दुकानात नोकरीलाच होता!

ऑक्सिजन त्याने १७७१-७२ च्या सुमारास मिळवला होता, पाऱ्याचा ऑक्साईड, सोरा असं काय काय तापवून निघणारी हवा जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत धरायचा, त्यात मेणबत्ती भगभगून पेटायची म्हणून नाव दिलं आगीची हवा. पण पुस्तक लिहून झालं तरी प्रस्तावना आणि छपाईत रखडत रखडत १७७७ ला बाहेर आलं, तोवर प्रीस्टलीने १७७४ मध्ये तोच वायू काढून छापूनही टाकला होता. १७७४ मध्येच शीलेने फ्रान्सचा रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए याला पत्र लिहून ही हवा कशी काढायची ते सांगितलं होतं, त्याचा उल्लेखही लव्हाझिएने कुठे केला नाही, आणि हे मला आजही टोचतं. आता जळणं म्हणजे नेमकं काय हे लव्हाझिएलाच कळलं हे मान्य, शीले शेवटपर्यंत फ्लॉजिस्टनमध्येच, म्हणजे वस्तू जळताना त्यातून काहीतरी द्रव्य बाहेर पडतं या जुन्या समजुतीतच, अडकून राहिला, १७७४ मध्ये क्लोरीन काढला तरी ते मूलद्रव्य आहे हे त्याला समजलं नाही, ते पुढे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने १८१० मध्ये ठरवलं. पण म्हणून पत्राचं श्रेय द्यायचं नाही असं थोडंच आहे.

मला मात्र ऑक्सिजनपेक्षा त्याची ॲसिडं जास्त आवडतात. आंबट दुधातून लॅक्टिक, सफरचंदातून मॅलिक, आणि १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून सायट्रिक, म्हणजे आपण ढोकळ्यात घालतो ते लिंबूसत्व. नुसता रस आटवून खडे काही मिळेनात, मग त्याने रसात खडू घातला, ॲसिड खडूतल्या चुन्याला धरून साका होऊन तळाशी बसलं, तो साका वेगळा काढून त्यात गंधकाचं ॲसिड घातलं की चुना तिकडे जातो आणि सायट्रिक मोकळं होतं, मग ते आटवलं की स्वच्छ खडे. इतकं सोपं आणि इतकं हुशार! तोंड आलं की आम्ही देतो ते ग्लिसरीनही त्यानेच पहिल्यांदा काढलं, ऑलिव्ह तेल शिशाच्या ऑक्साईडबरोबर उकळून.

जे सापडेल त्याचा वास घ्यायचा आणि चवही बघायची ही त्याची सवय, हायड्रोसायनिक ॲसिडसारख्या जहाल विषाचीसुद्धा चव लिहून ठेवलीये त्याने, ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. शिवाय आर्सेनिक, पारा हे तर रोजचंच.

१७८६ च्या मे महिन्यात तो गेला, ४३ वर्षांचा. कोपिंगचं ते दुकान आधी पोल नावाच्या औषधवाल्याचं होतं, तो वारल्यावर त्याच्या बायकोकडून शीलेने चालवायला घेतलेलं. आपण आता जगत नाही हे कळल्यावर मरायच्या दोन-तीन दिवस आधी त्याने तिच्याशी लग्न केलं, म्हणजे दुकान परत तिच्या नावावर होईल.