खांबावरची तिसरी रेघ

दोन वर्षं माझ्या वहीवर ‘पूर’ एवढंच नाव होतं. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी किती आलंय हे आम्ही नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतो: कमरेला लागलं, छातीला लागलं. नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला टेकलं की महापूर. १९६९ आणि २००८च्या आठवणी मी घरोघर जाऊन उतरवून घेतल्या. वही भरली, कादंबरी मात्र सुरू होईना. माझी माणसं पाण्यातून वाचत होती नाहीतर वाहून जात होती. कुणालाच काही ठरवावं लागत नव्हतं. जे काही करायचं ते गंगाच करत होती.

आमच्या जुन्या वाड्यात आता आत्या एकटीच राहते. ओसरीच्या सागवानी खांबावर पुराच्या रेघा कोरल्या आहेत, वरची ६९ची, तिच्याखाली २००८ची. गेल्या श्रावणात पहिल्यांदाच लक्ष गेलं, आणखी खाली तिसरी रेघ होती आणि शेजारी आकडा, ७२. ते तर दुष्काळाचं साल! आत्याला विचारलं.

“अगं, ती पुराची नव्हे. तुझ्या बाबाची उंची मोजली होती. पुढे राहूनच गेलं.”

खरं एवढंच होतं. पण पुराच्या खांबावर दुष्काळातली एकच उंची, आणि पुढे एकही नाही, हे डोक्यातून जाईना. ते पोर या घरचं नसेलच तर? इथे मी खऱ्याचा हात सोडला. बाबांच्या जागी एक मुलगी आणली. सिन्नरकडची. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडताहेत, तिला वाड्यात ठेवून गेलेत.

मुलीच्या तोंडून चाळीस पानं लिहिली आणि थांबले. ती सोसत होती, मी हळहळत होते. पुराच्या जागी दुष्काळ आला होता, इतकाच फरक. मग वाटलं, रेघ कोरली कुणी? पोराची उंची तोच मोजतो ज्याला ते वाढताना बघायचं असतं. वाड्यातली एक मूल नसलेली बाई दिसली. पाऊस पडतो, मुलीची आई दाराशी येते आणि ही बाई सांगते, “तुझी पोर तापानं गेली.” मुलगी त्या वेळी माळ्यावर झोपलेली असते.

हे माझं कथाबीज. ते हाती आल्यावर बाकीचं भराभर मागे आलं. गोष्ट आज का सांगायची? वाडा पाडायचाय, खांब जाणार, आणि ती बाई, आता म्हातारी, सही करत नाही. भाऊबंदांना वाटतं, पैशासाठी अडून बसलीय.

संदर्भ शोधायला मी त्यानंतर निघाले. १८४० पासूनच्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात बसले, पण मला खरं काही मिळालं ते सिन्नरच्या एका आजींकडून. रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, कामावर वाटलेली सुकडी, सगळं त्यांच्या जिभेवर होतं. “बहात्तरला प्यायला पाणी व्हतं गं, खायाला दाणा नव्हता,” त्या म्हणाल्या. मी पहिल्या मसुद्यात कोरड्या विहिरी रंगवल्या होत्या, त्या काढल्या. पण बदल तेवढ्यावर भागला नाही. आईनं मुलगी ठेवली ती दोन वेळच्या भाकरीसाठी, आणि वाड्यातल्या बाईनं ती भाकरी खरोखर दिली होती. तिच्या खोटेपणाला आता हक्काची धार आली. वाचणाऱ्याला तिचा नुसता राग करता येणार नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

दिवाळीत आत्याला सगळं सांगितलं. सुपारी कातरता कातरता ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “पोर तिच्याकडेच राहिली ना? मग पुढच्या वर्षी तिची उंची का नाही मोजली?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता पहिलं प्रकरण लिहून झालं.