बेसमेंटचं काम आणि आंघोळीचं पाणी

बेळगावात घराचं काम काढायचं तर पाऊस संपल्यावरच, आणि पाऊस संपला की लगेच थंडी, म्हणजे गिझर काढून ठेवायला सगळ्यात वाईट मुहूर्त तोच. आमचा गिझर बेसमेंटात. टिळकवाडीतला उताराचा प्लॉट, पूर्वी न्हाणी खाली होती, पुढे बाथरूम वर गेलं तरी गिझर काही हलला नाही. आता खालची फरशी-प्लास्टर सगळंच काढायचं म्हटल्यावर तो उतरवला, पाईपाच्या तोंडाला डमी म्हणजे बूच मारलं आणि प्लंबर अण्णा म्हणाले, "होतंय ओ वहिनी, चार दिवस रॉडवर काढा की."

प्लंबरचे चार दिवस म्हणजे किती ते सगळ्यांना माहीत आहे.

रॉड दीड हजार वॅटचा. 15 लिटरची बादली 20 डिग्रीवरनं 45 वर न्यायला सतरा-अठरा मिनिटं, वीज अर्धा युनिटसुद्धा नाही. पण घरात माणसं पाच आणि रॉड एक, त्यात सासूबाई दारात उभ्या, आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मगच पाण्यात बोट, हे रोज प्रत्येकाला ऐकवणार. बरोबरच आहे म्हणा, रॉडच्या बाबतीत हयगय नकोच.

शेवटी त्यांनीच माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढायला लावला, चिंच लावून घासला आणि परसात मांडला. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, वरनं गार पाणी ओतलं की तेवढंच कढत पाणी तोटीतनं बाहेर, त्यामुळे जो काढणार त्यानंच भरायचं, यावरनं पोरांची रोज भांडणं. आणि जळण? ते बेसमेंटातनंच! वाळवी लागलेल्या जुन्या चौकटीचे ढलपे, फळकुटं, वर चार करवंट्या. रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूड मात्र बाजूला, तो धूर घशात बसतो.

पाणी तापवणं तसं सोपंच ओ, खरी भानगड ते पोचवायची. पाऊण इंची पाईपच्या दहा मीटरमध्ये जवळपास अडीच लिटर पाणी मावतं. म्हणजे गिझर खाली आणि नळ वर असला की प्रत्येक वेळी आधी तेवढं गार पाणी सोडायचं, आणि नळ बंद केला की तेवढंच तापलेलं पाणी पाईपात गार व्हायला ठेवून यायचं. राकसकोप धरणाचं पाणी नळाला कधी येतंय म्हणून टाकीत डोकावणारी माणसं आम्ही, आणि रोज सकाळी हे गटारात. रॉडच्या बादलीत नि बंबात यातलं काहीच नाही, जिथं तापलं तिथंच अंगावर घेतलं.

म्हणून मी ठरवलंय, गिझर परत खाली लावायचा नाही, बाथरूमच्या भिंतीवरच लहान बसवायचा. अण्णांना पटत नाहीय. "लाईन हाय तशी ठेवूया की, फोम गुंडाळतो." फोमनं पाणी उशिरा गार होईल एवढंच, पाईपातलं पाणी थोडंच कमी होणार? शिवाय खालची खोली कॉलेजच्या पोरांना भाड्यानं द्यायचीय, त्यांना पण सकाळी गरम पाणी लागणारच. सासूबाई म्हणतात बंब द्या त्यांना, नळ सोडून मोबाईल बघत तरी बसणार नाहीत.