बहात्तर नंबरवर नजर

कॅन्सस सिटीजवळच्या ओव्हरलँड पार्कला राहायला आल्यापासून ऑफिसात एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पाठच झालं: “२०१३ ची पहिली निवड चीफ्सनी फुकट घालवली.” आदल्या हंगामात कॅन्सस सिटी चीफ्स हा इथला अमेरिकन फुटबॉलचा संघ १६ पैकी १४ सामने हरला होता, म्हणून ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधले नवे खेळाडू निवडताना, पहिला मान त्यांचा. त्यात त्यांनी घेतला सेंट्रल मिशिगन विद्यापीठाचा एरिक फिशर. ऑफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला धावून येणाऱ्यांपासून वाचवणारा, चेंडूशी ज्याचा सहसा संबंधच येत नाही असा गडी.

२०२१ मध्ये चीफ्सनी त्याला सोडलं, तेव्हा म्हटलं आपणच बघू. जुने सामने लावले, वही घेतली आणि प्रत्येक पासच्या वेळी फक्त ७२ नंबरकडे, म्हणजे फिशरकडे, बघायचं ठरवलं. हे वाटतं तेवढं सोपं नाही. डोळे आपोआप चेंडूमागे जातात. नवरा म्हणायचा, “अगं, चेंडू तिकडे आहे!”

पहिली वही वायाच गेली. क्वार्टरबॅक पाडला गेला की मी फिशरच्या नावावर फुली मारत होते. मग लक्षात आलं, कधी क्वार्टरबॅकच चेंडू धरून बसतो, कधी शेजारच्या गार्डची चूक असते. पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या वर्षी तो उजव्या बाजूला खेळला, कारण डावीकडे ब्रँडन अल्बर्ट होता. तो हंगाम वेगळा काढला. तिथे तो खरंच चाचपडत होता.

जानेवारी २०१७ चा पिट्सबर्ग स्टीलर्सविरुद्धचा सामना मी चारदा पाहिला. स्टीलर्सचे लाथेने मारलेले सहा फील्ड गोल, १८ गुण. चीफ्स १६ वर, आणि बरोबरीसाठी घेतलेले दोन गुण फिशरच्या होल्डिंगमुळे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला नियमबाह्य धरल्यामुळे, रद्द झाले. दहा यार्ड मागून पुन्हा प्रयत्न, तो फसला. इथले लोक अजून पंचांना शिव्या घालतात. मी थांबवून थांबवून बघितलं. स्टीलर्सचा जेम्स हॅरिसन वळून आत घुसला, फिशरचा हात त्याच्या मानेभोवती. होल्डिंगच होतं ते! ऑफिसात हे बोलले नाही, इथेच राहायचंय मला.

पण त्या सामन्यापुढे २०१८ चे सामने ठेवले की वहीत पानंच्या पानं फुलीविना. क्वार्टरबॅक महोम्स निवांत उभा. त्या वर्षी फिशर प्रो बोलला, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, निवडला गेला, २०२० मध्येही.

मग तुलना कोणाशी करायची? त्याच ड्राफ्टमधल्या टॅकलांशी. दुसऱ्या क्रमांकावर जॅग्वार्सनी घेतलेला ल्यूक जोकेल टिकलाच नाही. चौथ्यावर ईगल्सना मिळालेला लेन जॉन्सन फिशरपेक्षा सरस, यात मला शंका नाही. पॅकर्सना डेव्हिड बख्तियारी तर थेट चौथ्या फेरीत सापडला. म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या मानाने फिशर थोडा कमी पडला, हे मान्य. फुकट गेला, हे मात्र नाही.

माझं मत पक्कं झालं ते तो मैदानात नसलेल्या सामन्यामुळे. जानेवारी २०२१ मध्ये बिल्सविरुद्ध त्याचा अकिलीस स्नायुबंध तुटला. दोन आठवड्यांनी टॅम्पाविरुद्धच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात, त्याच्या जागी डावीकडे माइक रेमर्स. उजवीकडचा मिचेल श्वार्ट्‌झही दुखापतीने बाहेर. महोम्स सामनाभर जीव मुठीत धरून पळत होता. चीफ्स ३१-९ ने हरले, चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळणारं एकही टचडाउन नाही.

आणि मार्चमध्ये फिशरला सोडल्यावर ती जागा भरायला ऑर्लँडो ब्राउनला आणलं, तेव्हा चीफ्सना बॉल्टिमोरला इतर निवडींबरोबर त्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवडही द्यावी लागली.