फायबरचा डायल टोन जुन्या वायरीवर: हॉल झाला, स्वयंपाकघर झालं

घरातली आधीची मांडणी अशी: लँडलाइनची तांब्याची वायर जिन्यातून हॉलमध्ये दाराजवळच्या रोझेट बॉक्समध्ये (फोनच्या तारा स्क्रूने जोडायचा छोटा डबा) येते आणि तिथून भिंतीतल्या पाइपातून बेडरूमपर्यंत जाते, लांबी साधारण १४ मीटर. आता फायबर बेडरूमच्या खिडकीतून येतं, ओएनटी (फायबर जिथे संपतो तो कंपनीचा डबा) तिथेच आहे आणि डायल टोन त्याच्या फोन पोर्टवर मिळतो. फोन मात्र हॉलमध्ये हवा, दुसरा स्वयंपाकघरात. नवी वायर ओढायची नाही, भिंतीवर पट्टी मारायची नाही. म्हणजे जुनीच वायर उलट दिशेने वापरायची.

शनिवार, सकाळ. सगळ्यात आधी बाहेरची लाइन तोडली. रोझेटमधून जिन्याकडे जाणारी जोडी स्क्रूवरून काढून दोन्ही टोकं वेगवेगळी टेपने बंद केली. ही जोडी लागलेली राहिली तर ओएनटीचा करंट डीपी बॉक्सपर्यंत (बाहेर टेलिफोनच्या तारा वाटल्या जातात तो डबा) पोचतो. तिथे ओल असेल तर लाइनवर खरखर येते, आणि पावसाळ्यात वीज कडाडली तर बाहेरच्या तारेवरचा झटका थेट ओएनटीत येतो. रोझेटमागे जुना ब्रॉडबँड स्प्लिटर (फोन आणि इंटरनेट वेगळं करणारी डबी) राहिला होता, तोही काढला.

मग जोडी शोधणं. आतली वायर दोन जोड्यांची, ०.५ मिमी: निळी-पांढरी आणि नारिंगी-पांढरी. रंगावर विसंबू नका. मधल्या बॉक्समध्ये कुणी रंग बदलून जोडले असले तर बाहेरून काहीच कळत नाही. बेडरूमच्या टोकाला दोन तारा एकमेकींना पिळल्या आणि हॉलमध्ये मल्टिमीटर ओहमवर लावला. ०.५ मिमी तांब्याचा रोध मीटरला सुमारे ०.०९ ओहम, जाऊन-येऊन २८ मीटर, म्हणजे अडीच ओहमच्या आसपास यायला हवं. आले ३१, आणि वायर हलवली की आकडा नाचायचा. हे वायरीचं दुखणं नव्हे, जोडाचं आहे.

जोड पॅसेजमधल्या बॉक्समध्ये सापडला. तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली. टेपचा डिंक वितळून बोटाला चिकटत होता, आत तांबं हिरवं पडलेलं. बाथरूमची भिंत लागूनच आहे, ओल तिथूनच आली. दोन्ही बाजूंनी काळवंडलेला भाग कापून टाकला आणि स्वच्छ तारा जेलीच्या दोन छोट्या कनेक्टरमध्ये घालून पकडीने दाबल्या. यात इन्सुलेशन सोलायचं नसतं, कनेक्टर स्वतः कापतो. त्यातली जेली ओल आत येऊ देत नाही, म्हणून अशा जागी टेपचा जोड ठेवूच नये. आता मीटर २.७ दाखवतो आणि हलत नाही. दूरचं टोक मोकळं करून दोन्ही तारांमधला रोध २० मेगओहमच्या रेंजवर पाहिला, वाचन रेंजबाहेर. म्हणजे गळती नाही.

दुपारी ओएनटीला जोडणी केली. आरजे-११च्या (फोनच्या नेहमीच्या छोट्या प्लगच्या) मधल्या दोन पिनाच लागतात. फोन ठेवलेला असताना रोझेटवर ४८ व्होल्टच्या आसपास डीसी, उचलल्यावर ७. घंटा वाजताना याच तारांवर ७० व्होल्टच्या वर एसी असतो आणि हाताला चांगला झटका बसतो. म्हणून स्क्रू आवळताना ओएनटीकडचा प्लग काढलेला हवा.

रविवार, स्वयंपाकघर. तिथे टेलिफोनची वायर नाही, पण बेडरूममधून टीव्हीच्या डब्यासाठी गेलेली कॅट-५ई लॅन केबल आहे. १०० एमबीपीएसला फक्त १, २, ३ आणि ६ या पिना लागतात, म्हणून निळी जोडी (४ आणि ५) फोनला दिली. पहिल्या प्रयत्नात रिसीव्हर उचलला तर टोनच नाही. निळ्या तारा लॅनच्या प्लगमध्येच राहिल्या होत्या. बऱ्याच नेटवर्क पोर्टमध्ये ४ आणि ५ आतून एकत्र जोडलेल्या असतात, त्यामुळे लाइन शॉर्ट होते आणि ओएनटीला फोन कायम उचललेलाच दिसतो. दोन्ही टोकांचे प्लग कापून निळी जोडी बाहेर काढली, उरलेल्या तारांवर नवे प्लग दाबले, निळी जोडी वेगळ्या रोझेटमध्ये नेली. शॉर्ट गेला.

गिगाबिट (१००० एमबीपीएस) चारही जोड्या मागतं, त्यामुळे अशी केबल गिगाबिटला उपयोगाची राहत नाही. राउटर आणि टीव्हीचा डबा दोन्ही गिगाबिटचे असल्याने लिंक लागायची आणि सुटायची. राउटरच्या बाजूला जुना १०/१०० स्विच (१०० एमबीपीएसच्या वर न जाणारा) मध्ये घातल्यावर ती स्थिर झाली. लॅनच्या केबलमधून कॅमेऱ्याला वीज जात असेल तर हा उपाय करूच नका. त्या वेळी निळ्या जोडीवरही व्होल्टेज असू शकतं.

फोनबद्दल एक गोष्ट. बटणांच्या जुन्या फोनखाली पी-टी (पल्स-टोन) अशी खटकी असते, ती टीवर हवी. अनेक ओएनटींना पल्स डायलिंग (लाइन तोडून-जोडून आकडे पाठवणं) कळत नाही, त्यामुळे चकतीच्या काळ्या फोनवर कॉल घेता येतो, लावता येत नाही. शिवाय खऱ्या घंटेचे फोन जास्त करंट ओढतात. हॉलमध्ये असा एक आणि स्वयंपाकघरात इलेक्ट्रॉनिक एक, दोन्ही नीट वाजतात. तिसरा लावून पाहिला तर घंटेचा आवाज बसला, म्हणून तो काढला.

नारिंगी जोडी अजून मोकळी आहे. पॅसेजमधल्या बॉक्सचं झाकण स्क्रूने बसवलंय, सिमेंटने बुजवलेलं नाही. जुलैच्या पावसात तिथे गळती पुन्हा मोजायची आहे.