तुम्ही विचारलंत म्हणून : गोळी चालू असताना पथ्य कशाला?

माझे औषधांचे दुकान आहे आणि गेली अनेक वर्षे काउंटरपलीकडून एक प्रश्न हटकून येतो : "कोलेस्टेरॉलची गोळी रोज घेतो, मग खाण्याचे पथ्य कशाला?" परवा हाच प्रश्न विचारणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत अ‍ॅटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या तीन स्ट्रिप्स आणि वर्तमानपत्रात बांधलेले गरम बटाटेवडे शेजारी शेजारी होते, आणि वड्यांचे तेल झिरपून माझ्या बिलावरचे आकडे पुसट झाले होते.

रक्तातले बरेचसे कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, ते आपले शरीरच तयार करते, हे खरे आहे. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने 1973 साली बुरशीतून असे द्रव्य वेगळे केले की ज्यामुळे ही निर्मिती मंदावते. कोलेस्टेरॉलच्या या गोळ्यांचे, म्हणजे स्टॅटिन औषधांचे, मूळ तिथे आहे. यकृताला आतून कोलेस्टेरॉल कमी पडू लागले की ते रक्तातले एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारे वाईट कोलेस्टेरॉल, अधिक प्रमाणात ओढून घेते. तूप, लोणी, मलई आणि वनस्पती तुपातली संपृक्त चरबी यकृताची नेमकी हीच ओढ कमी करते, त्यामुळे गोळीने कमावलेले काही अंशी खाण्यात गमावले जाते. (खोबरेल तेलाच्या बाटलीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे छापतात ते खोटे नसते, कारण कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात ते नगण्यच असते; पण त्या तेलाचा सुमारे नऊदशांश भाग संपृक्त चरबीचा असतो, हे ठळक अक्षरांत कोणी छापत नाही.)

"मग डोस वाढवून घेतो," असे काही जण म्हणतात. डोस ठरवणे डॉक्टरांचे काम आहे, पण हिशेब सांगतो : 10 मिलिग्रॅमची गोळी 20ची केली तर एलडीएलमध्ये जेमतेम 6 टक्क्यांची आणखी घट होते, आणि वजन किंवा रक्तदाब काही गोळीने उतरत नाही. उलट ज्यांची साखर काठावर आहे, त्यांची ती स्टॅटिनने किंचित वाढू शकते. तरीही ज्याला गोळी लिहून दिली आहे त्याने परस्पर बंद करू नये, कारण तिचा फायदा त्याहून मोठा आहे. स्कँडिनेव्हियातल्या 4444 हृदयरुग्णांवरील 1994 सालच्या प्रसिद्ध अभ्यासात सिमव्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांमधील मृत्यू 30 टक्क्यांनी घटले होते. मात्र त्या अभ्यासात गोळी मिळालेल्यांना आणि न मिळालेल्यांना, सर्वांनाच आहाराचे पथ्य सांगितलेले होते. म्हणजे गोळीची ती कीर्ती पथ्यासह मिळवलेली आहे.

एवढे सगळे त्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले, बिल पुन्हा छापून मागितले, औषधांसाठी वेगळी पिशवी मागितली आणि वडे गार होतील म्हणून घाईने निघाले.