मावशीचा मृत्यू कोणत्या रकान्यात?

माझी मावशी एप्रिल २०२१ मध्ये घरीच वारली. अँटीजेन चाचणी निगेटिव्ह आली होती, आरटीपीसीआरसाठी दिलेल्या स्वॅबचा अहवाल चौथ्या दिवशीही मिळाला नव्हता आणि फुप्फुसांच्या सीटी स्कॅनचा स्कोअर मात्र पंचवीसपैकी अठरा, म्हणजे गंभीर होता. एका रुग्णालयातील डॉक्टरांनी केसपेपरवर ‘कोविड संशयित, बेड उपलब्ध नाही’ असे लिहून तिला परत पाठवले होते. ती गेल्यावर आलेल्या डॉक्टरांनी मृत्यूचे कारण म्हणून ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ एवढेच लिहिले.

मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ मध्ये आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ मध्ये भरले जाते. त्यात ओळींची एक उतरंड असते: वर तात्काळ कारण, त्याखाली ते कशामुळे उद्भवले, त्याखाली त्याच्याही मुळाशी काय होते. मोजणीसाठी धरले जाते ते हे मूळ कारण. मधुमेह, रक्तदाब यांसारखे हातभार लावणारे आजार दुसऱ्या भागात लिहायचे असतात. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते, त्यामुळे ते कारण म्हणून लिहू नये, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले होते. तरीही मावशीच्या कागदावर तेच एक वाक्य होते, आणि उतरंडीच्या खालच्या ओळी कोऱ्या होत्या.

कोविड मृत्यूची व्याख्या तरी एकच होती का? जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२० मध्ये सांगितले होते की निश्चित किंवा संभाव्य कोविड रुग्णाचा त्या आजाराशी सुसंगत लक्षणांनंतर मृत्यू झाला, मध्ये तो पूर्ण बरा झालेला नव्हता आणि अपघातासारखे दुसरे उघड कारण नव्हते, तर तो कोविड मृत्यू धरावा. यात पॉझिटिव्ह अहवालाची सक्ती नाही. इंग्लंडमध्ये मात्र आधी एकदा पॉझिटिव्ह आलेली व्यक्ती पुढे केव्हाही वारली तरी मोजली जाई; १२ ऑगस्ट २०२० रोजी चाचणीनंतर २८ दिवसांची मर्यादा लागू केली आणि ब्रिटनच्या एकूण आकड्यातून एका दिवसात ५,३७७ मृत्यू कमी झाले. आपल्याकडे उलट दिशेने घडले. १६ जून २०२० रोजी जुन्या नोंदींचा ताळमेळ घातल्यावर महाराष्ट्राच्या आकड्यात १,३२८ मृत्यूंची भर पडली, त्यांतले ८६२ एकट्या मुंबईतले होते. ती माणसे त्या दिवशी गेलेली नव्हती, पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातला आलेख पाहणाऱ्याला तसेच वाटले असते.

चाचण्यांचा आकडा त्याहून निसरडा. देशात रोज जाहीर होत असे तो तपासलेल्या नमुन्यांचा आकडा, माणसांचा नव्हे. अँटीजेन आणि आरटीपीसीआर दोन्ही त्यात एकत्र असत. ब्रिटनने १ मे २०२० रोजी दिवसाला एक लाख चाचण्यांचे लक्ष्य पूर्ण झाल्याचे सांगत १,२२,३४७ चाचण्या जाहीर केल्या, त्यांत सुमारे ४० हजार चाचणी संच नुसते टपालाने वा केंद्रांकडे रवाना केलेले होते. आमच्या मावशीच्या बहुधा दोन चाचण्या मोजल्या गेल्या असतील, मृत्यू मात्र एकही नाही. हा विचार मनातून जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने व्याख्या सैल केली: चाचणीपासून किंवा रुग्णालयात डॉक्टरांनी निदान केल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू, मग तो घरी झालेला का असेना, कोविड मृत्यू मानायचा. नातेवाइकांना ५० हजार रुपये आणि वाद असल्यास जिल्हा समितीकडे दाद मागण्याची सोय, असे ठरले. महाराष्ट्रात जानेवारी २०२२ पर्यंत अधिकृत मृत्यू सुमारे १ लाख ४१ हजार होते, तर अर्ज दोन लाखांवर गेले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील २०२० आणि २०२१ या दोन वर्षांचे अतिरिक्त मृत्यू, म्हणजे एरवी अपेक्षित असतात त्यांहून जास्त झालेले मृत्यू, ४७ लाख असल्याचा अंदाज दिला; त्या दोन वर्षांच्या कोविड मृत्यूंचा अधिकृत आकडा ४ लाख ८१ हजार होता. केंद्राने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. अंदाज अंदाजच असतो, हे मला मान्य आहे. पण २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते, हे आपल्याच देशाच्या महानिबंधक कार्यालयाचे आकडे सांगतात, आणि उरलेल्यांबद्दल अंदाजाशिवाय हाती काय राहते?

मावसभावाने अर्ज केला. समितीने केसपेपर आणि स्कॅन पाहून तो मंजूर केला, पैसे खात्यावर जमा झाले. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. “दादा, आता आईचं नाव सरकारी आकड्यात आलं ना?” केरळने अपिलातून मान्य झालेले मृत्यू आपल्या रोजच्या आकड्यात मिळवले होते, हे मला ठाऊक होते. आपल्याकडे मदतीची यादी वेगळी आणि मृत्यूंचा आकडा वेगळा आहे, हे मी त्याला सांगितले. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग नमुना ४-अ दुरुस्त करून मिळेल का, ते विचारू लागला.