ड्रॉइंगप्रमाणे बनलं, तरीही?

माझं नेमकं काम काय, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लढाऊ विमानांच्या इंजिनांसाठी डिझाइन क्वालिटीचं काम करते म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: 'पार्ट ड्रॉइंगप्रमाणे आहे का ते इन्स्पेक्टर बघतो, मग तुम्ही काय बघता?' आम्ही ड्रॉइंगच तपासतो.

23 जून 2014 रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या एग्लिन तळावर एफ-35ए विमान उड्डाणासाठी धावत असताना त्याच्या एफ135 इंजिनाला आग लागली. वैमानिक सुखरूप बाहेर पडला. इंजिनाच्या पुढच्या पंख्याच्या (फॅनच्या) तिसऱ्या टप्प्याचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, फुटला होता, पण बिघाडाची सुरुवात तीन आठवडे आधीच झालेली. एका उड्डाणातल्या जोरदार हालचालींत रोटर शेजारच्या स्थिर सीलला (फटीतून हवा निसटू न देणाऱ्या भागाला) गरजेपेक्षा फार जास्त घासला. सील थोडं घासून झिजावं, अशीच रचना असते. इथे मात्र टायटॅनियम भयंकर तापलं, त्यात सूक्ष्म तडे गेले आणि ते पुढच्या उड्डाणांत वाढत राहिले. नंतर सीलमध्ये आधीच चर कापून ठेवायचं ठरलं.

ड्रॉइंगवरचं माप थंड, बंद इंजिनाचं. विमान वळताना फट किती उरते, ते कोणाच्याही मायक्रोमीटरवर दिसत नाही. ते आधीच काढावं लागतं.

समजा, एका फटीत पाच मापांची साखळी आहे आणि प्रत्येकाला ±0.05 मिमी सूट (टॉलरन्स), म्हणजे माप तेवढं इकडेतिकडे चालतं. सगळी एकाच बाजूला गेली तर फरक ±0.25. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं तर ±0.11. दुसरा आकडा बघायला सुखाचा, पण प्रत्येक माप सूटीच्या मध्याभोवती येत असेल तरच खरा. टूल झिजून सगळी मापं एका काठाला सरकली, की तो कोसळतो. म्हणून शॉपमधला प्रत्यक्ष डेटा हातात आल्याशिवाय मी ±0.11 वर सही करत नाही.

एफएमईएमध्ये, म्हणजे संभाव्य बिघाडांच्या यादीत, प्रत्येक बिघाडाला 1 ते 10 असे तीन गुण देऊन त्यांचा गुणाकार करतात. त्या गुणाकारावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. तीव्रता 10, शक्यता 2, सापडण्याचा गुण (जितका जास्त, तितकं सापडणं कठीण) 2: गुणाकार 40. दुसरीकडे 5, 5, 4 चा होतो 100. आकडा मोठा म्हणून बैठकीत 100 आधी घेतात. पण रोटरची डिस्क फुटू शकते ती 40 मध्ये. तीव्रता 9-10 असलेल्या ओळी आधी वेगळ्या काढायच्या.

तडे शोधण्याच्या तपासणीचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. मशिनिंगमध्ये धातू पसरून तड्याचं तोंड बुजतं आणि फ्लुरोसंट पेनिट्रंट (तड्यात शिरून अतिनील प्रकाशात चमकणारा द्रव) आत शिरत नाही. त्यामुळे आधी एचिंग (रसायनाने वरचा पातळ थर काढणं), मग पेनिट्रंट, शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा) त्यानंतर. पीनिंग आधी उरकलं तर तडा झाकला जातो आणि रिपोर्ट स्वच्छ येतो.

एकाच मापासाठी तिसऱ्यांदा कन्सेशन (ड्रॉइंगबाहेरचा पार्ट स्वीकारायची परवानगी) मागितलं गेलं, की मी ऑपरेटरला बोलावत नाही. ड्रॉइंग उघडते आणि ती सूट कोणी, कशावरून ठरवली ते शोधते.